तांडेलाच्या बायकोचं पातळ पुस्तक

पुस्तक हातात आलं तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. शेजारच्या भाभीची सून अलिबागेला एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. संध्याकाळी रेवदंड्याला रिक्षातून उतरली की आधी माझ्या पडवीत डोकावते, मग स्वतःच्या घरी जाते. त्या दिवशी मी जवळा निवडत बसले होते. तिने पिशवीतून पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं.

"काकी, तुमच्या मालिकेतलं नवीन आलंय. वाचनालयात पहिला नंबर लावला तुमच्यासाठी."

मी हात पदराला पुसले आणि पुस्तक घेतलं. तोच निळा रंग, तीच होडी, तीच वळणदार अक्षरं. पण जाडी? आधीचे पाच भाग असे की एकेक भाग दाराला लावला तर वाऱ्याने दार हलणार नाही. आणि हे पंचांगाएवढं. आत अक्षर मोठं, कडेला जागा ऐसपैस, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला अर्धं पान कोरं. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'मालिकेसोबतची कादंबरिका'. सोबतची म्हणजे काय? आम्ही काय अंधारातून चाललो होतो, सोबत द्यायला?

आता पाचवा भाग संपला तो कुठे, तर राणी खाडीच्या मधोमध चिखलात रुतलेली आणि भरती यायला लागलेली. तिला तशीच सोडून लेखिकाबाई दोन वर्षं गप्प. सहाव्या भागाची वाट बघून आमचे डोळे शिणले, म्हणजे माझे शिणले, भाभीचे आधीच गेलेत. आणि दोन वर्षांनी बाईंनी काय दिलं, तर हे. जेवायला बोलवायचं आणि बडीशेप हातावर ठेवायची, तसं.

मी मागचा फोटो बघितला. तीच बाई, तोच चष्मा. म्हणजे लिहिलेलं तिनेच. मग पहिलं पान उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'माझा नवरा बुडाला त्या दिवशी सकाळी मी त्याच्याशी भांडले होते.'

मी पुस्तक मिटलं.

"काय झालं काकी?"

"काही नाही. अक्षर मोठं आहे."

"अम्मीला फोनवरच सांगितलंय मी," ती म्हणाली. "तांडेलाच्या घरची गोष्ट आहे म्हटल्यावर केवढ्या खूश झाल्या! उद्यापासून वाचा म्हणतायत." आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. पोरगी चांगली आहे, माझ्या मुलीसारखी आहे, पण त्या हसण्यात काहीतरी होतं.

आता हे सगळं नीट कळायचं तर मला थोडं मागे जायला हवं.

मी शिकलेली चौथीपर्यंत. माहेर आत, भातशेतीच्या गावात. लग्न होऊन रेवदंड्याला आले. पुढे अंगणवाडीत मदतनीस झाले आणि तिथल्या कपाटात पोरांसाठी आलेली गोष्टींची पुस्तकं होती, ती मी एकेक करून सगळी वाचली. पऱ्या, राक्षस, उडते घोडे. पोरांना झोपवताना वाचून दाखवायची तेव्हा मला एक सवय लागली. राक्षस जास्तच भयंकर झाला की मी तेवढं गाळायची. पोर दचकून उठलं की पुन्हा झोपवायला अर्धा तास जातो, म्हणून. राक्षसाला मी कितीतरी वेळा पोटदुखीने घरी पाठवलंय. कुणाचं काही बिघडलं नाही.

भाभी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आमच्या दोघींच्या वाड्यांच्या मध्ये एक करवंदीची जाळी आणि एक वाट. काचबिंदूने तिची नजर गेली, आता उजेड तेवढा कळतो. नजर गेली तशी ती चिडचिडी झाली. एका दुपारी मी माझं पुस्तक घेऊन तिच्या पडवीत जाऊन बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. तो या मालिकेचा पहिला भाग होता. तेव्हापासून आमचा नेम झाला. तिची दुपारची नमाज झाली की मी जायची. ती लसूण सोलत ऐकायची, मी वाचायची.

गोष्ट अशी, की त्या राज्यात प्रत्येक वाऱ्याला मालक असतो. खारा वारा राणीचा, जमिनीकडून सुटणारी मतलई सरदारांची. मालकाच्या परवानगीशिवाय कुणी शीड उभारायचं नाही. आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हा एकटा असा की तो कुणाचाच वारा घेत नाही. नुसत्या वल्ह्यांवर होडी नेतो. पुस्तकात त्याला नाव आहे, पण आम्ही तांडेलच म्हणायचो. राणीपेक्षा भाभीचा जीव त्याच्यावर. कारण उघड होतं. भाभीचा मुलगा आखातात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी. दहा महिने तिकडे, दोन महिने घरी.

तिसरा भाग वाचत होतो तेव्हा तो नुकताच गेला होता. चार दिवस झाले होते टगवर चढून. मी मजेत वाचतेय, आणि पान उलटलं तर समोर तांडेलाची होडी रिकामी परत आलेली.

आमच्या आळीत एक रीत आहे. घरातला माणूस दर्यावर असला की त्या घरात बुडण्याचं नाव काढायचं नाही. हिंदू असो, मुसलमान असो, ज्याचा माणूस पाण्यावर, त्याच्या घरी ही रीत. सूर्यसुद्धा तिथे कलतो, नाहीतर टेकतो. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा माझा दीर मच्छीमारीला गेलेला, आणि मी हसत म्हणाले, खारी चहात बुडाली. सासूने माझ्या हातातून कप काढून घेतला आणि परसात ओतला. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

तर मी त्या पानासमोर बसलेली. भाभीचा मुलगा चार दिवसांपूर्वी गेलेला. भाभी म्हणते, "थांबलीस का गो?" मी वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं, की तांडेलाला दुसऱ्या होडीने उचललं. राक्षसाला घरी पाठवलं तसंच. मनात म्हटलं, मुलगा सुट्टीवर आला की सांगून टाकू खरं.

मुलगा आला तेव्हा भाभीचा जावई जहाजावर चढलेला. जावई उतरला तर मुलगा निघालेला. त्या घरात असा दिवसच आला नाही, की सगळ्यांचे पाय जमिनीवर आहेत. आणि इकडे तांडेल जिवंत. चौथ्या भागात मी त्याला कुठे कुठे बसवला! सरदारांच्या सभेत एक म्हातारा बोलतो, ते बोलणं मी तांडेलाला दिलं. पाचव्या भागात वादळात राणीला दोर फेकणारा कुणीतरी शिपाई आहे. तो दोर मी तांडेलाच्या हातात दिला. भाभी लसूण टाकून रडायला लागली. त्या दिवशी सुनेला सांगून तिने शेवया करवल्या आणि मला डबा भरून दिला. मी तो खाल्ला. काय करणार?

पाचशे पानांत एक पान लपवता येतं. पंचांगाएवढ्या पुस्तकात लपवायला जागाच नाही. पहिल्या वाक्यापासून तांडेलाची बायको नवऱ्याच्या मरणावरच बोलते.

मी भाभीला निरोप दिला की माझा घसा बसलाय, दोन दिवसांनी वाचते. आणि घरी बसून, भाताचा कुकर होईपर्यंत थोडं, दुपारी थोडं, असं करून पुस्तक संपवलं.

आता खरं सांगू? मला ते आवडलं की नाही, हे अजून ठरत नाही. मालिकेत तांडेलाची बायको एकदाच दिसते. दारात उभी राहून नवऱ्याच्या हातात भाकरीचं गाठोडं देते आणि आत जाते. एक शब्द बोलत नाही. ती मला तशीच आवडायची. मी तिच्याबद्दल मनात केवढं काय काय ठरवलं होतं! आणि आता ती बोलायला लागली तर थांबायचं नावच घेईना. तांडेल त्या दिवशी होडी गळकी आहे हे माहीत असून का गेला, ते मालिकेत कुठेच सांगितलेलं नाही. मी त्यावर कितीतरी दुपारी विचार केलाय. राणीसाठी गेला असेल, शपथ असेल, कुणाचा तरी जीव वाचवायचा असेल. तर या पुस्तकात काय निघतं? घरात भांडण झालं म्हणून. गळतं छप्पर कधी शाकारणार, यावरून. ज्या माणसाने पाच-पाच सरदारांना नमवलं, तो छपरावरून चिडून निघाला!

मला संशय आला की बाईंना सहावा भाग सुचत नाहीये, म्हणून जुन्या माणसांची मढी उकरून काढतायत. दुसरा संशय, हे प्रकाशकाने लिहायला लावलं असणार. तिसराही होता. तांडेलाचा डावा पाय अधू, असं पहिल्या भागात आहे आणि इथे बायको उजवा म्हणते. नवऱ्याचा कुठला पाय अधू हे बायकोला ठाऊक नाही?

पण मग ती होडीच्या फटींत कापूस आणि राळ भरते ते पान आहे. ते वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून नुसतीच बसले. नवरा गेल्यावर, म्हणजे आता उपयोग नसताना, ती ती गळकी होडी दुरुस्त करते. आणि करता करता मेलेल्या नवऱ्याशी भांडते. ते भांडण खोटं नाही. आमचे हे गेले त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसला निघाले, तेव्हा मी त्यांना डब्याच्या झाकणावरून बोलले होते. झाकण आदल्या दिवशी हरवून आलेले. बस येण्याआधी स्टँडवरच छातीत कळ आली. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मग या बाईला कुठून कळलं? चष्म्यातून ती कुठे कुठे बघते?

तिसऱ्या दिवशी भाभीने जाळीपलीकडून हाक मारली.

"वहिनी, घसा सुटला की अजून बसलाय? का माझा कंटाळा आलाय तुला?"

गेले. सून सुट्टीवर होती, आत स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भाभी ऐटीत बसलेली, पदर सारखा करून, जसं काही पाहुणा येणार आहे.

"वाच. तांडेल घरी कसा वागतो ते ऐकू दे. बाहेर एवढा वाघ, घरात मांजर असेल बघ."

मी पुस्तक उघडलं. पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं आणि तोंडाने भलतंच सुरू केलं. एक गाव होतं, गावात तांडेलाचं घर होतं, घराच्या छपराला गळती होती, बायको म्हणाली, शाकारून द्या, तांडेल म्हणाला, देतो. मग त्याने पेंढा आणला. मग तो छपरावर चढला. मला सुचत होतं तसं मी सांगत गेले. माझा मलाच कंटाळा आला. तांडेल बराच वेळ छपरावर होता, कारण खाली उतरवून त्याचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

भाभीचा लसूण थांबला.

"वहिनी."

"काय?"

"पान उलटलं नाहीस."

"अं?"

"एवढा वेळ एकच पान? आवाज नाही आला. पान उलटताना तू बोटाला थुंकी लावतेस, मग सर्र होतं. आज थुंकी नाही, सर्र नाही."

"पान मोठं आहे, भाभी."

"तुम्हीच म्हणालात ना काकी, अक्षर मोठं आहे म्हणून?" आतून सुनेचा आवाज. भांडं ठेवल्याचा आवाज.

भाभी माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला दिसत नाही, पण ती तोंड वळवते तेव्हा बघितल्यासारखंच वाटतं.

"चौथ्या भागातपण अशी लांब पानं होती गो," ती हळू म्हणाली. "मी म्हणायची, पुस्तक जाडं आहे, पानंही मोठी असतील."

मग मी सांगितलं. सगळं. रिकामी होडी, दुसऱ्या होडीने उचलला ते, सभेतला म्हातारा. सांगताना मी तिचा हात धरायला गेले, तिने तो लसणाच्या ताटलीखाली नेला.

"आणि दोर?" तिने विचारलं. "वादळात दोर फेकला तो?"

"शिपायाने."

"कुठल्या शिपायाने?"

"असाच एक. त्याला नावपण नाही."

ताटलीतली एक सोललेली पाकळी तिने पुन्हा सालींत टाकली. मग म्हणाली, "मी त्यासाठी शेवया केल्या."

"भाभी, तुमचा मुलगा दर्यावर होता. मी कसं वाचणार होते?"

"मग म्हणायचं, भाभी, पुढचं वाचता येत नाही. मी समजले असते. मी काय अंगणवाडीतलं पोर आहे? बाकीचं तरी काय काय तुझं आहे? राणी आहे का? का तीपण तूच केलीस?"

"राणी आहे."

"कसम खा."

"भाभी..."

"जा आता. मला झोप आलीये."

दुपारी भाभी कधी झोपत नाही.

आठ-दहा दिवस हाक आली नाही. माझ्या घरात दुपार एवढी मोठी असते हे मला ठाऊकच नव्हतं. जाळीपलीकडून तिच्या खोकण्याचा आवाज यायचा. मी मुद्दाम जोरात भांडी घासायची, म्हणजे ऐकू जावं की मी आहे. मासळीवाली मला म्हणाली, भाभीने विचारलं, वहिनी बरी आहे का. मग मी खुशीत होते तेवढ्यात मासळीवालीच म्हणाली, मी तुमचं नाव काढल्यावर विचारलं हो. म्हणजे आपणहून नाही.

आणि माझा सगळा राग सुनेवर. हिनेच पुस्तक आणलं. हिनेच आधी फोन करून सांगितलं. आतून अक्षराची आठवण हिनेच करून दिली. एका संध्याकाळी रिक्षातून उतरली तशी मी तिला पडवीत बसवलं.

"खरं सांग. तुला माहीत होतं?"

"काय, काकी?"

"तांडेलाचं."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिसरा भाग मी तुमच्याआधी वाचला होता. वाचनालयातून आणताना रिक्षात वाचत यायचे. पुढचे भागपण."

"आणि मी दुपारी खोटं वाचत होते ते आतून ऐकत होतीस?"

"सुट्टीच्या दिवशी ऐकायचे. छान करायचात तुम्ही. तो दोर तर..."

"बोलली का नाहीस मग?"

"माझाच नवरा होता ना दर्यावर," ती म्हणाली. "मला कुठे ते वाचलेलं ऐकायचं होतं?"

पण संशय माझा पिच्छा सोडेना. "मग हे पातळ पुस्तक का आणलंस? यात तर सगळं तेच आहे."

तिने ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं. "त्याची बायको काय म्हणते ते ऐकायचं होतं. एकटीने नाही. अम्मीच्या शेजारी बसून."

असं म्हणून उठून गेली. मी तिच्या हसण्याला इतके दिवस काय काय नावं ठेवली होती, ती सगळी माझ्याच तोंडात राहिली.

पुढच्या जुम्म्याला दुपारी तीन वाजून गेल्यावर जाळीपलीकडून हाक आली. "वहिनी! तिसरा भाग घेऊन ये. आणि ते पातळपण आण."

तिसरा भाग माझ्याकडे होता, मी तो वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत घेऊन ठेवला होता. गेले तर पडवीत भाभी आणि तिच्या शेजारी सून, रजा टाकून बसलेली. भाभीच्या हातात फोन, तोंडासमोर धरलेला.

"नमाज झाली ना तुझी? कुठे आहेस?" ती फोनवर ओरडत होती.

"मस्जिदीच्या बाहेर, अम्मी. चपला घालतोय." स्पीकरवर मुलाचा आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न.

"टग कुठे आहे?"

"धक्क्याला आहे. संध्याकाळी जायचंय."

"पाय जमिनीवर आहेत ना? खाली बघ."

"अम्मी, रस्त्यात उभा आहे मी."

"बघ म्हणते ना!"

"बघितलं. आहेत."

"तसाच उभा राहा. फोन ठेवू नको, पाण्याकडे चालू नको. जावयालापण विचारलंय मी, तो घरीच आहे पनवेलला, खिमा खातोय." मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "वाच. तिथनं वाच, जिथनं तू सोडलंस. आणि तू," हे सुनेला, "तू पुस्तकात बघत राहा. वहिनी एक शब्द इकडचा तिकडे करेल तर मला सांग."

सून माझ्या बाजूला सरकली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी पान काढलं. किती वर्षं मी ते पान जड समजत होते, आणि होत्या त्या तीन-चार ओळी. मी वाचल्या. पहाटे होडी परत आली. तांडेल नव्हता. वल्ही बांधलेली होती तशीच होती. त्या संध्याकाळी राणीने त्याच्या नावाने पाण्यात दिवा सोडला.

थांबले.

"पुढे?"

"पुढे दुसरं प्रकरण."

"एवढंच?" भाभी म्हणाली. "लिहिलंय एवढंच?"

"एवढंच आहे, अम्मी," सून म्हणाली.

"मग गेला असं कुठे लिहिलंय? होडी रिकामी आली एवढंच लिहिलंय. दिवा काय, मी रोज लावते, माझी सगळी माणसं जिती आहेत." ती माझ्यावर उसळली. "वहिनी, तूच त्याला मारलास आणि तूच उचलून आणलास! त्या बाईने दोन्हींतलं काहीच केलं नव्हतं. तिने सोडून दिलं होतं."

मी पान पुन्हा बघितलं. खरंच की. मी एवढी वर्षं जे लपवलं, ते तिथे नव्हतंच. चौथ्या-पाचव्या भागात लोक त्याची आठवण काढतात, पण त्यांनी तरी कुठे काय बघितलंय?

"पण या पातळ पुस्तकात आहे," मी म्हणाले. "स्पष्ट लिहिलंय. म्हणूनच मला हे आवडत नाही. बाईंनी तेव्हा दार उघडं ठेवलं होतं, आता येऊन कडी लावली."

"वाच."

मी पहिलं वाक्य वाचलं. जसं आहे तसं. तो शब्द त्या घरात मी पहिल्यांदा उच्चारला.

"कोण बुडालं?" फोनमधून मुलाचा आवाज.

"नाव काढू नकोस!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

"मी तर जमिनीवर..."

"तरी नाही!"

भाभी पुढे झुकली. "हे कोण बोलतंय? बायको?"

"बायको."

"ती होडीत होती?"

"नाही. घरी होती."

"मग तिने बघितलं नाही. न बघता म्हणते." भाभी मागे टेकली. "ठीक आहे, म्हणू दे. ऐकू आपण. पण मला त्या बाईचा भरवसा नाही. तुझापण नाही."

तेव्हापासून आम्ही हे पातळ पुस्तक वाचतोय. फक्त जुम्म्याला, मुलगा नमाजला किनाऱ्यावर उतरतो तेवढ्या वेळात. तो कधी चहाच्या टपरीवर उभा असतो, कधी सावलीत, आणि "अम्मी, किती राहिलं?" विचारत असतो. एका बैठकीत चार-पाच पानं होतात. वाचनालयाने दोनदा मुदत वाढवून दिली, तिसऱ्यांदा देतील की नाही शंका आहे. अधू पायाचं सांगितल्यावर भाभी म्हणाली, "बघ! मी म्हटलं नव्हतं, हिचा भरवसा नाही?" आणि फार खूश झाली.

सुनेने दवाखान्यातली सुट्टी जुम्म्याची मागून घेतलीय, ती शेजारी बसते आणि माझ्या बोटाबरोबर तिची नजर ओळीवरून चालते. मी पहिल्या दिवशी थोडी रागावले होते. मी काय परीक्षेला बसलेय? आता काही वाटत नाही. भाभी मधेच थांबवते, "लिहिलंय?" सून म्हणते, "लिहिलंय." मग पुढे.

गेल्या जुम्म्याला ते होडीचं पान आलं. बायको राळ तापवते, फटींत कापूस ठोकते आणि नवऱ्याला म्हणते, 'जाताना दारात थांबला असतास तर मी गप्प झाले असते, एवढाही वेळ तुला नव्हता.' ते वाचताना माझा आवाज फाटला. मी खाकरले, पुन्हा वाचायला गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कसंबसं पूर्ण झालं.

"हे तुझं आहे," भाभी लगेच म्हणाली. "तू घातलंस."

"नाही भाभी. त्या बाईचं आहे."

"खोटं बोलतेस. माझे डोळे गेलेत, कान नाही. हे तुझंच आहे."

सून पानावर वाकली. तिने ती ओळ बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपली, मनात पुन्हा वाचली, ओठ हलताना मला दिसले. वाचून झाल्यावरही तिने बोट उचललं नाही.

"लिहिलंय, अम्मी," ती म्हणाली. "शब्द न् शब्द लिहिलंय."

भाभीने फोन खाली ठेवला, तो तसाच चालू. मग हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"मग सावकाश वाच," ती म्हणाली. "तो थांबेल तिकडे."